अक्काचा तीन फुटी समुद्र

सर्व वाचकांना नमस्कार, जय भीम.

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते. खरं सांगायचं तर दर वेळी वाचता वाचता मनात त्याचं कारण शोधत असते... दार वाऱ्यानं वाजलं असेल, माणसाला ताप असेल, अर्धवट झोपेत असेल. मी लोहाऱ्यात एका ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, नवस नाही. माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणतो – ज्या दुकानाला लिंबू-मिरची टांगलेली असते तिथून साखरसुद्धा आणत नाहीत. मी अशा घरात वाढले. त्यामुळे कुणाला काही पटवून द्यायला हे लिहीत नाही. मला सुटलं नाही, म्हणून तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी अक्काबद्दल सांगते. सुमनअक्का माझी थोरली बहीण. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, पण त्या पदवीतला निम्मा वाटा तिचा आहे. ती सातवीतून शाळा सोडून मायबरोबर खुरपायला गेली. पुढे शिलाई मशीनवर बसली. मला म्हणायची, "तू शीक. एका घरात दोघी शिलाई करून गावाला किती झंपर घालायचे?" माझ्या पदवीदानाच्या फोटोत ती नाही. लग्नसराई होती आणि तिला कुणाचे तरी ब्लाउज वेळेत द्यायचे होते. तिचं स्वतःचं लग्न झालं, टिकलं नाही, ती परत आली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही.

बी.एस्सी.ला असताना आमची सहल कोकणात गेली होती. मी पहिल्यांदा समुद्र बघितला आणि येताना अक्कासाठी बाटलीभर पाणी आणलं. तिनं बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "एवढं खारट? आन् मासे ह्यात राहतेत? बिचाऱ्यांचं तोंड आलं आसंल!" तरी ती बाटली तिनं मशीनच्या खणात जपून ठेवली. नोकरी लागली की तुला समुद्र दाखवते, असं मी तिला कबूल केलं होतं. नोकरी लागली... आणि त्याच सुमारास तिच्या दोन्ही किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा धाराशिवला डायलिसिस सुरू झालं. मी माझी किडनी द्यायला तयार होते, पण जुळली नाही. मायला शुगर, अण्णांचं वय झालेलं. अक्काचं जेवण अळणी झालं, पाणी मापात. कोकणचं नाव काढलं तर डॉक्टर म्हणाले, एवढा प्रवास नको.

मग मी ठरवलं, समुद्रच घरी आणायचा.

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय म्हणजे साधी काचेची पेटी नसते. त्याचं मीठ वेगळं येतं, ते आरओच्या पाण्यात मापानं कालवावं लागतं. समुद्रातले सच्छिद्र दगड ठेवावे लागतात. त्यात सूक्ष्म जिवाणू असतात, ते माशांची घाण पचवतात. मासे सोडण्याआधी टाकी काही आठवडे नुसतीच चालवायची आणि पाण्यातला अमोनिया शून्यावर आला का ते रोज तपासायचं. मी हे सगळं पुस्तकात दिलंय तसं केलं. आमच्याकडचा उन्हाळा म्हणून पाण्यावर छोटा पंखा लावला, लाईट गेली तर इन्व्हर्टर होता. तीन फुटी टाकी पुढच्या खोलीत, अक्काच्या कॉटला लागून ठेवली. पडल्या पडल्या तिला सगळं दिसायचं.

मी बादलीत मीठ कालवत असले की ती कॉटवरून म्हणायची, "टाक, टाक. माझ्या वाटणीचं समदं मीठ ह्यांनाच घाल."

मासे सोलापूरच्या दुकानातून आणले. अक्कानं लगेच नावं ठेवली. निळा मासा सगळ्यांच्या अंगावर धावून जायचा, तो फौजदार. एक पिवळा दिवसभर दगडादगडाजवळ जाऊन नुसता बघायचा, तो तलाठी. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी होती, त्यातली मोठी नवरी आणि तिच्या मागं मागं फिरणारी छोटी करवली. मी कॉलेजातून आले की अक्का मला दिवसभराचा अहवाल द्यायची. "आज फौजदारानं तलाठ्याला कोपऱ्यात घेतला बघ. काही तरी खाल्लेलं दिसतंय त्यानं." तिला हसताना बघून अण्णा पेपरच्या आडून हसायचे.

पहिला फौजदारच मेला.

दुपारी मी घरी आले तर तो तळाला आडवा पडलेला. अंगावर डाग नाही, पर फाटलेले नाहीत, रंगही गेलेला नाही. सकाळी त्यानं खाल्लं होतं. मी पाणी तपासलं. अमोनिया शून्य, खारटपणा बरोबर, तापमान बरोबर. दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, नवीन टाकी म्हणलं की एखाददुसरा जातोच." मीही तसंच धरलं. अक्कानं हट्टानं अंगणात जाऊन कढीपत्त्याच्या झाडाखाली त्याला पुरलं. बऱ्याच दिवसांनी ती उंबऱ्याबाहेर पडली होती. शेजारच्या काकू म्हणाल्यासुद्धा, "सुमन, आज चेहऱ्यावर पाणी दिसतंय गं."

मी आणखी मासे आणले, तेही असेच एकेक करून गेले. आठ-दहा दिवस सगळं ठणठणीत असायचं आणि मग अचानक एक जायचा. नेहमी एकच. पाण्यात दोष असता तर सगळ्यांना बाधला असता ना? मी पाणी बदललं. दगड काढून धुतले. डासांची उदबत्ती बंद केली. फरशी पुसायचं औषध बंद केलं. थंडीसाठी लावलेल्या हीटरमधून पाण्यात करंट उतरतो का ते वायरमनला बोलावून बघून घेतलं. मासे पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर पुण्याचे एक गृहस्थ होते, जाणकार आणि सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, "घरात कुणी तांब्याचं भांडं बुडवतं का? हातात तांब्याचं कडं घालून पाण्यात हात घालतं का? तांबं या माशांना विष असतं." मी तांबं तपासायचं किट मागवलं. तेही शून्य.

तलाठी गेला त्या दिवशी अक्का रडली. "माझ्याजवळ आलेलं काहीच जगत न्हाय," असं म्हणाली. मला ते फार लागलं. तिच्यासाठी आणलेली गोष्ट तिलाच घाबरवायला लागली होती आणि मला, केमिस्ट्रीच्या मास्तरणीला, तीन फूट पाण्यात काय चाललंय ते कळत नव्हतं.

एक दिवस परीक्षेमुळे कॉलेज लवकर सुटलं. अण्णा बाहेर गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत आले तर अक्का झोपलेली आणि माय तिच्या उशाशी उभी. मायची मूठ आवळलेली. ती मूठ अक्काच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवत होती, ओठ हलत होते. मग ती वळली, टाकीचं झाकण उचललं आणि मूठ पाण्यात सोडली.

मीठ होतं. स्वयंपाकघरातलं साधं मीठ.

मी तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. "माय, हे काय करतीस? कधीपासनं?"

"ओरडू नको. तुज्या अण्णाला सांगू नको." तिचे डोळे भरले होते. "दिष्ट काढते पोरीची. आई हाय मी."

"अगं पण टाकीत कशाला?"

"मंग कुठं टाकू? आमच्या म्हायेरी चुलीत टाकायचे. हितं गॅस. गॅसवर टाकलं की तडतडतं, म्हातारा लगीच इचारतो काय वाजलं. मोरीत टाकावं तर मोरीचं पाणी गल्लीतनं वाहतं, लोकाची लेकरं खेळत्यात त्यात. आपल्या लेकरावरचं काढून दुसऱ्याच्या लेकराच्या पायाखाली टाकू व्हय?" मग टाकीकडं बोट करून म्हणाली, "ह्ये तर खारंच पाणी हाय. तूच म्हणतीस समुद्र हाय. तू बादलीबादलीनं मीठ घालतीस, माझी एक मूठ जड झाली का?"

मला हसू आलं. किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! कारण सापडलं होतं. माय मूठभर मीठ टाकत होती, त्यात आयोडीन, ते ओलं होऊ नये म्हणून मिसळलेलं आणखी काहीतरी... त्यानंच होत असणार. आम्ही बोलत होतो तोवर टाकीतला एक मासा तळाला गेला होता.

तरी शिकवल्याप्रमाणे मी खात्री करून घ्यायचं ठरवलं. प्लास्टिकच्या टबात टाकीतलंच पाणी घेतलं, हवेची नळी सोडली आणि एक मासा ठेवला. मायच्या त्याच बरणीतलं मीठ टाकलं, तिच्या मुठीत मावणार नाही एवढं, आणि तेही थोड्याच पाण्यात. तो मासा संध्याकाळी खाऊ मागायला वर आला. पुढेही ठीक राहिला. पुण्याच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या टाकीत मूठभर मिठानं काही होत नाही हो."

म्हणजे नुसत्या मिठानं मासे मरत नव्हते. अक्कावरून उतरवलेल्या मिठानं मरत होते. हे वाक्य लिहितानासुद्धा माझा हात अडखळतो आहे.

मायला मी शपथ घालून बंद करायला लावलं. त्यानंतर टाकीत एकही मासा मेला नाही. पण अक्का उतरत चालली. पायावर सूज, जेवण नको, उशा लावून बसल्याशिवाय श्वास पुरेना. हा आजारच असा आहे, चांगले दिवस असतात आणि वाईट असतात, हे मला माहीत आहे. तरीही नको असताना एकेक गोष्ट आठवायला लागली. फौजदार गेला त्या दिवशी ती अंगणात गेली होती. तलाठी गेला त्या दिवशी रडून झाल्यावर तिनं अर्धी भाकरी मागून खाल्ली. मायला मी पकडलं त्या संध्याकाळी ती मशीनवर बसून माझ्या साडीला फॉल लावत होती. प्रत्येक मेलेल्या माशामागं तिचा एक चांगला दिवस उभा होता. मी स्वतःला सांगत होते, हा योगायोग आहे. वर्गात पोरांना हेच शिकवते, दोन गोष्टी एकावेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. शिकवायला सोपं आहे ते.

मग ती संध्याकाळ आली. अक्काला श्वासच घेता येईना. ओठ निळसर पडले. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती निघाली होती, पण अंतर लांबचं, यायला वेळ लागणार होता. मी पाठीशी बसून तिला धरलं होतं. अण्णा खुर्चीत. माय आतून आली. मूठ आवळलेली.

ती आमच्या दोघांपुढे उभी राहिली. टाकीत तेव्हा फक्त नवरी आणि करवली उरल्या होत्या. बाकीचे मी दुकानदाराला परत देऊन टाकले होते, नवीन आणायची माझी हिंमत नव्हती.

अण्णांनी मायच्या मुठीकडं बघितलं. सगळं त्यांना तिथंच कळलं असावं. जन्मभर ज्या गोष्टीला त्यांनी घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, ती समोर उभी होती. त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला आणि खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना हातभर लांबचं दिसत नाही.

मायनं अक्कावरून मूठ फिरवली. दुसऱ्या हातानं टाकीचं झाकण उचलायला गेली, ते दोनदा निसटलं.

झाकण मी उचललं.

ॲम्ब्युलन्सचा आवाज कोपऱ्यावर आला तेव्हा नवरी तळाला आडवी झाली होती आणि अक्का म्हणत होती, "थांबा गं, चप्पल तरी घालू द्या." आधार घेऊन ती स्वतःच्या पायानं गाडीत चढली. धाराशिवला डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी साठलं होतं, वेळेत आणलंत. बसतं केल्यानं थोडा आराम पडला असेल, असंही म्हणाले. असेलही.

घरी आल्यावर तिनं आधी टाकीकडं बघितलं. "नवरी कुठाय?"

माय भडाभडा बोलली, सगळंच सांगितलं. अक्का ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजे फौजदार बी? तलाठी बी?"

"मासाच हाय गं बाई..."

"माय, मी माझ्या हातानं मातीत घातलं त्यांना." ती काचेकडं वळली. करवली एकटीच कोपऱ्यात फिरत होती. "ऐक. हिला हात लावायचा न्हाय. कुणी बी. मास्तरीण, तू बी ऐक."

मला ती मास्तरीण म्हणायची. मी मान हलवली. तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर पुन्हा तिची सूज वाढली. एका दुपारी ती डोळे मिटून पडली होती. मी पेपर तपासत होते. माय न राहवून मूठ भरून आली. तिच्या उशाशी उभी राहिली, हात वर केला आणि फिरवायला लागली. मी बघत होते. मूठ पायापर्यंत आली तेव्हा अक्कानं डोळे न उघडता मायचं मनगट पकडलं.

"आण हिकडं."

"सोड गं पोरी..."

"आण म्हणते ना. माझ्यावरनंच उतरवलंस न्हवं? मंग माझंच हाय ते."

तिनं मायची बोटं एकेक करून उघडली. चिमूटभर मीठ घेतलं आणि जिभेवर ठेवलं. मी उठेपर्यंत झालंसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला विसरता येणार नाही. कितीतरी महिन्यांनी तिच्या जिभेला मीठ लागत होतं.

"माय गं... काय चव हाय!" ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "तुज्या बाटलीतल्या समुद्रावाणी हाय की गं."

उरलेलं मीठ मायच्या तळहाताला चिकटलं होतं. माय ते पदराला पुसत रडत होती. त्या दिवशी टाकीत काहीच पडलं नाही.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिली नाही. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं होतं. ते म्हणाले, एका चिमटीनं काय होतंय मॅडम, तिचं होतच आलं होतं. ते खरंच सांगत असणार. तिची ती कोकणच्या पाण्याची बाटली अजून मशीनच्या खणात आहे. ती काढायचं धाडस आम्हाला होत नाही.

टाकी अजून चालू आहे. करवली जिवंत आहे, आता ती चांगली मोठी झालीय. मी पाणी बदलते, तपासते. सगळं शून्य येतं, जसं तेव्हाही यायचं. किटमध्ये अमोनियाची बाटली आहे, तांब्याची आहे. मला जे तपासायचंय त्याची नाही. तुमच्यापैकी कुणी खाऱ्या पाण्यातले मासे पाळत असेल आणि माझं काय चुकलं हे सांगू शकत असेल, तर जरूर सांगा. रोगट मासे होते म्हणा, टाकी कच्ची होती म्हणा, मी मानायला तयार आहे. मला मानायचंच आहे. पण मी झाकण उचललं त्या संध्याकाळचं काय, हे कुणी विचारू नका.

मागच्या महिन्यात अण्णांना ताप आला, उतरेना. दुपारी मी चहा ठेवत होते. माय मिठाच्या बरणीपाशी गेली. पुढच्या खोलीत जाऊन अण्णांच्या उशाशी उभी राहिली. ते ग्लानीत होते. मूठ फिरवून ती टाकीपाशी आली. करवलीला वाटलं खाऊ आला, ती वर येऊन पाण्यावर तोंड उघडून फिरायला लागली.

माय बराच वेळ तशीच उभी होती. मी दारातून बघत होते. टाकू नको, असं मी म्हणाले नाही. टाक, असंही म्हणाले नाही. दोन्हीतलं काय म्हणायचं, एवढं शिकूनही मला कळत नव्हतं.

मग ती मूठ तशीच आवळून स्वयंपाकघरात परत आली, एक वाटी घेऊन त्यात मीठ सोडलं आणि वाटीवर झाकणी ठेवली.

अण्णांचा ताप गोळ्यांनी उतरला. ती वाटी फळीवर तशीच आहे. चुलीत टाकायला चूल नाही, मोरीत टाकायचं नाही, टाकीत टाकायचं नाही. भाजीत तर नाहीच. रोज सकाळी स्वयंपाक करताना आम्ही दोघी ती वाटी बघतो आणि बरणीतलं मीठ घेतो.